घाबरू नका, माणूस निघालाय

रविवारी सकाळी चहाचा कप समोर ठेवत बायको म्हणाली, "तुम्हाला योग्य वाटेल ते करा." तेव्हापासून तक्रारवाले तो चहा नुसता ढवळत होते.

लग्न झालेल्या माणसाला या वाक्याचा अर्थ सांगावा लागत नाही आणि न झालेल्याला सांगून कळत नाही. बायको भांडली असती तर तक्रारवाल्यांना बरं वाटलं असतं. ती शांतपणे बिस्किटांचा डबा पुढे सरकवून आत गेली. संध्याकाळी आपला निकाल चुकला तर पुढचे काही महिने असाच फक्त डबा पुढे सरकेल आणि त्यातून शब्द काही बाहेर पडणार नाही, हे त्यांना कळून चुकलं.

तक्रारवाले लिफ्ट बसवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत तक्रारींच्या फोनवर बसत. शहरात कोणीही कंपनीच्या लिफ्टमध्ये अडकलं, की आतलं बटण दाबायचं आणि इकडे यांच्या टेबलावर घंटा वाजायची. हे अत्यंत शांत आवाजात म्हणायचे, "घाबरू नका, माणूस निघालाय." माणूस त्या वेळी बहुधा शहराच्या दुसऱ्या टोकाला दुसऱ्याच लिफ्टखाली आडवा पडलेला असे, किंवा खाली टपरीवर उभा असे. पण त्या आवाजात असा काही धीर होता, की लोक अंधारात गपचूप उभे राहत आणि सुटल्यावर आभाराचे फोन करत. इतकं खोटं बोलून इतके आभार फार थोड्यांच्या वाट्याला येतात.

त्यांची बायको त्याच कंपनीत हजेरी विभागात होती. नवरा आधी नोकरीला लागलेला, म्हणून सगळं ऑफिस तिला वहिनी म्हणे. शिपाई वहिनी म्हणे, साहेब वहिनी म्हणत. एकदा घाईत खुद्द तक्रारवाल्यांनीही "अहो वहिनी, फाईल कुठाय?" असं विचारलं होतं, आणि ते प्रकरण मिटायला बराच वेळ गेला होता.

तर या वहिनींनी यंदा सगळ्या कंपन्यांची मिळून झालेली कॅरमची स्पर्धा जिंकली होती. अंतिम सामन्यात हरलेला गृहस्थ आपला स्ट्रायकर खिशात घालून, चहासुद्धा न घेता निघून गेला होता. साहजिकच कंपनीच्या क्रीडा मंडळाचा 'वर्षाचा खेळाडू' हा मान आपल्याला मिळावा असं वहिनींना वाटत होतं. त्यांना ढालीचं एवढं काही नव्हतं. त्यांचा डोळा होता फोटोवर. विजेत्याचा फोटो चौकटीत घालून ऑफिसच्या लिफ्टमध्ये वर्षभर लावायचा, अशी मंडळाची जुनी पद्धत होती. मागची तीन वर्षं तिथे साहेबांचा मेहुणा होता. रोज सकाळी आठव्या मजल्यापर्यंत त्याच्या मिशीकडे बघत जावं लागे, कारण लिफ्टमध्ये दुसरीकडे बघायला जागाच नव्हती.

मेहुणा कंपनीच्या रस्सीखेच संघाचा कप्तान होता. यंदाही त्याच्या संघाने अजिंक्यपद मिळवलं होतं. अंतिम फेरीत समोरचा संघ आलाच नाही, ही गोष्ट साहेबांच्या मते मेहुण्याच्या दराऱ्याची खूण होती.

निवड समितीत तिघे होते. एक साहेब. दुसरे स्टोअरकीपर, ज्यांनी जन्मात कुठला खेळ खेळला नव्हता, पण मेहुण्याने सरावाला म्हणून स्टोअरमधली नवी दोरी नेली आणि दोन तुकडे करून परत आणली, तेव्हापासून ते कॅरमचे कट्टर चाहते झाले होते. तिसरे तक्रारवाले. त्यांना वर्षाच्या सुरुवातीला समितीवर घेतलं तेव्हा वहिनी अजून जिंकायच्या होत्या, आणि नंतर नाव काढून घ्या म्हणायचा धीर त्यांना झाला नाही. म्हणजे एक मत इकडे, एक मत तिकडे, आणि मध्ये तक्रारवाले. बायकोला मत द्यावं तर ऑफिस म्हणणार, घरचाच कारभार. शिवाय साहेब रात्रपाळीला टाकणार. न द्यावं तर बिस्किटांचा डबा होताच. इकडे आड, तिकडे विहीर.

साहेबांना बैठका आवडत नसत. "मी कुठलाही निर्णय तळमजला ते आठवा मजला यात घेतो," असं ते अभिमानाने सांगत. लिफ्ट आठव्या मजल्यावर पोचायच्या आत त्यांनी माणसं नोकरीला लावली होती, काढली होती आणि एकदा तर स्वतःचाच राजीनामा देऊन परत घेतला होता. वर्षाच्या खेळाडूची निवडही अशीच व्हायची. समारंभ आठव्या मजल्यावरच्या हॉलमध्ये असे. सगळे वर जमले, की समिती ढाल घेऊन तळमजल्यावर लिफ्टमध्ये शिरे आणि वर पोचेपर्यंत निकाल लागलेला असे.

त्या संध्याकाळी तिघे आत शिरले. ढाल स्टोअरकीपरांच्या काखेत होती. दार बंद झालं, लिफ्ट हलली.

"मेहुणा," साहेब म्हणाले.

"वहिनी," स्टोअरकीपर म्हणाले.

दोघांनी तक्रारवाल्यांकडे बघितलं. तक्रारवाल्यांनी मजल्यांच्या आकड्यांकडे बघितलं. तीन झाले, चार झाले. अजून चारच मजले ढकलायचे होते. तेवढ्यात लिफ्टने आचका दिला, कुठेतरी वर कर्रर्र झालं, पंखा थांबला आणि चौथ्या-पाचव्याच्या मध्ये ती थांबली.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. कंपनीचे मिस्त्री शहरभर दुसऱ्यांच्या लिफ्टना तेलपाणी करत हिंडायचे. आपल्याच ऑफिसच्या लिफ्टची तक्रार कोणी करायची, कोणाकडे करायची, आणि तीही फुकट, म्हणून ती कोणी केलीच नव्हती.

"बटण दाबा की," स्टोअरकीपर म्हणाले. साहेबांनी बटण दाबून तीनदा "हॅलो, हॅलो, हॅलो" केलं. उत्तर नाही.

"ही घंटा वाजते कुठे?" साहेबांनी विचारलं.

"माझ्या टेबलावर," तक्रारवाले म्हणाले.

"मग उचला ना."

"मी इथे आहे, साहेब."

मोबाईल तिघांनीही काढून बघितले. पत्र्याच्या त्या पेटीत रेंजचा पत्ता नव्हता. "येतील कोणीतरी," साहेब म्हणाले, "तोवर हे मिटवून टाकू. आयता वेळ मिळाला आहे."

आता वर हॉलमध्ये काय चाललं होतं ते या तिघांना ठाऊक नव्हतं, पण आपल्याला कळायला हरकत नाही. हॉलच्या माईकचा आवाज वाढवणारा डबा दुपारीच जळला होता. कंपनीच्या इलेक्ट्रिशियनने डोकं लढवलं. लिफ्टमधला आवाज तक्रारीच्या टेबलापर्यंत नेणारा डबा त्याने उचलून आणला, त्याला स्टेजचा माईक आणि हॉलचे दोन मोठे कर्णे जोडले. लिफ्टकडून येणारी तार मात्र त्याने तशीच राहू दिली. सगळे तर हॉलमध्येच येणार, लिफ्टमध्ये बोलायला उरतंय कोण, असा त्याचा सरळ हिशेब होता. लिफ्टकडे परत जाणारी तार त्याने माईकसाठी काढून घेतली होती. म्हणजे आता लिफ्टमधलं हॉलमध्ये ऐकू येत होतं, हॉलमधलं लिफ्टमध्ये नाही. आणि तेही बटण दाबलेलं असेल तेवढाच वेळ.

साहेबांचे तीन हॅलो कर्ण्यांतून घुमले, तेव्हा लोकांना वाटलं माईक तपासताहेत. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

साहेबांना एक सवय होती. स्वतः बोलताना ते हात मागे बांधून, पोट पुढे काढून ताठ उभे राहत. दुसरा बोलायला लागला, की ऐकण्याचा त्यांना शीण येई आणि ते मागे भिंतीला टेकत. आज मागे भिंतीवर ते बटण होतं. साहेबांची पाठ भरपूर होती.

"कॅरम हा खेळ आहे का?" साहेब ताठ उभे राहून म्हणाले. "ज्यात घाम येत नाही तो खेळ कसला?" आणि उत्तर ऐकायला ते मागे टेकले.

"नाही, ते बरोबर आहे. घाम कसला येतोय," तक्रारवाले म्हणाले.

वर हॉलमध्ये एवढंच वाक्य दोन्ही कर्ण्यांतून आलं. चहाचे कप थांबले. आवाज सगळ्यांनी ओळखला. तो आवाज अर्ध्या शहराच्या ओळखीचा होता.

"बसल्या जागी बोटं उडवायची," खाली साहेब म्हणाले, "याला काय मेहनत लागते?" आणि टेकले.

"मेहनत तशी काही नाही. बसल्या जागीच सगळं."

पहिल्या रांगेत वहिनी बसल्या होत्या. त्यांच्या मागच्या बारा-पंधरा रांगा एकाच वेळी त्यांच्या मानेकडे बघू लागल्या. हॉलमध्ये कंपनीचे सगळे मिस्त्री हजर होते. लिफ्ट अडकली आहे हे पोराटोरांनाही कळलं होतं, आणि अडकलेल्यांना सोडवणं हे तर त्यांच्या पोटापाण्याचं काम. पण एकही जण खुर्चीवरून हलला नाही. असा कार्यक्रम मंडळाने आजवर कधी ठेवला नव्हता.

"वहिनी मनाने चांगल्या आहेत हो," साहेब म्हणाले, "पण खेळाडू म्हणावं असं काय आहे त्यांच्यात?"

"छे छे, खेळाडू कसली."

"अहो, तुमची बायको आहे ती," स्टोअरकीपर न राहवून म्हणाले. "लाज नाही वाटत?"

"बायको आहे म्हणूनच सांगतोय. उद्या कोणी म्हणायला नको, घरच्या माणसाला ओढलं," तक्रारवाले म्हणाले. आणि एकदा निःपक्षपाती व्हायचं ठरवलं की माणसाला कुठे थांबावं ते कळत नाही, म्हणून पुढे म्हणाले, "आता खरं सांगायचं तर ती हरायला लागली ना, की हळूच गुडघ्याने बोर्ड हलवते."

हॉलमध्ये असा हशा झाला की कर्णे थरथरले. मेहुण्याने मिशीवरून हात फिरवला. वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी पर्स मांडीवरून उचलून बाजूच्या खुर्चीवर ठेवली, एवढंच.

खाली साहेब खूश होऊन ताठ झाले आणि पुढे येऊन त्यांनी तक्रारवाल्यांच्या खांद्यावर हात ठेवला. बटण सुटलं. वर कर्णे एकदम मुके झाले.

"संपलं तर मग," साहेब म्हणाले. "मी स्टेजवरून हेच सांगतो. मंडळाने वहिनींच्या नावाचा विचार केला होता, पण त्या खेळात लबाडी करतात असं खुद्द त्यांच्या यजमानांनीच समितीला सांगितलं. म्हणजे कोणाला बोलायला जागाच नाही."

तक्रारवाल्यांनी एकदा साहेबांकडे बघितलं, एकदा भिंतीवरच्या मेहुण्याच्या फोटोकडे. चौकटीतली मिशी त्यांच्याकडे बघून हसत होती असं त्यांना वाटलं. आणि इतकी वर्षं शांत आवाजाची भाकरी खाणारा तो माणूस इतक्या मोठ्याने ओरडला, की स्टोअरकीपरांच्या काखेतली ढाल खाली पडली.

"लबाडी? कोण लबाडी करतं? ती गुडघ्याने बोर्ड हलवते ती घरी, माझ्याशी खेळताना. तेही मी जिंकायला लागलो तरच, म्हणजे जवळजवळ कधीच नाही. स्पर्धेत कोणी तिचा गुडघा हललेला दाखवावा, मी इथून उडी मारतो. तुमच्या मेहुण्याने काय केलं हो? समोर संघच नव्हता. दोरी मैदानात एकटी पडली होती, तिला ओढून आणलं. हे तर आमचा शिपाईही रोज करतो. आणि घाम म्हणता? एकच फटका ती शंभरदा मारत बसते. भाजी गॅसवर करपते, तरी उठत नाही. मी बोलत नाही. दर रविवारी ती बाजारात गेली, की मी तिचा बोर्ड पुसतो, पावडर लावतो आणि होता तसा ठेवून देतो. तिला वाटतं बोर्डच चांगला निघालाय. वाटू दे. मला ती खेळताना बघायला आवडते. एवढंच. माझं मत तिला."

साहेब समोरच्या भिंतीपर्यंत मागे सरकले होते. बटणाच्या आसपास कोणी नव्हतं.

"रात्रपाळी लक्षात आहे ना?" ते हळूच म्हणाले.

"लावा."

"दोनाला एक," स्टोअरकीपर ढाल उचलत म्हणाले. "लागला निकाल."

तेवढ्यात दाराबाहेरून, दोन जाड पत्र्यांपलीकडून, बाईचा की पुरुषाचा हेही कळू नये असा दबका आवाज आला, "घाबरू नका, माणूस निघालाय."

या वाक्याचा खरा अर्थ तक्रारवाल्यांइतका दुसऱ्या कोणाला माहीत होता?

पण माणूस खरंच निघाला होता. कर्णे मुके झाले तसा कार्यक्रमही संपला, आणि लोकांना अडकलेल्यांची आठवण झाली. कोणी जिन्याने खाली पळाले, कोणी गच्चीवरच्या मशीनकडे. तिथे लिफ्ट हाताने फिरवायचं मोठं चाक असतं. "बाजूला व्हा," असं म्हणून मेहुण्याने ते धरलं. ताकदीला तो कमी नव्हता. फक्त चाक कुठल्या बाजूला फिरवायचं हे त्याने विचारलं नाही. त्यामुळे समिती पाचव्या मजल्यावर निघायच्या ऐवजी सावकाश, मानाने, परत तळमजल्यावर जाऊन पोचली.

आठ मजले जिन्याने चढावे लागले. सहाव्या मजल्यावर साहेब कठड्याला धरून उभे राहिले. कपाळावरून धारा लागल्या होत्या.

"घाम आला, साहेब," स्टोअरकीपर म्हणाले. "म्हणजे हा खेळ झाला."

हॉलच्या दारात इलेक्ट्रिशियन वाटच बघत होता. त्याने साहेबांना बाजूला घेऊन सगळा प्रकार सांगितला. "ते तीन हॅलो सोडले तर तुमचं एक अक्षर ऐकू आलं नाही, साहेब. तुम्ही बोलायला लागलात की कनेक्शनच तुटायचं. या दोघांचं मात्र सगळं आलं, गुडघ्यापर्यंत. पुढे सगळं बंद."

शेजारी उभ्या असलेल्या तक्रारवाल्यांनीही ते ऐकलं. म्हणजे छे छे खेळाडू कसली, हे आलं होतं. गुडघा आला होता. आणि जन्मात एकदाच जे धाडस केलं, ते गेलं पत्र्याच्या पेटीत. त्यांनी पहिल्या रांगेकडे बघितलं. वहिनी आपल्या खुर्चीवर बसल्या होत्या. चेहरा दगडाचा होता. श्वास जरा लागल्यासारखा दिसत होता, पण संतापानेही श्वास लागतोच.

साहेब मात्र तिथेच ताजेतवाने झाले. आपलं काहीच ऐकू गेलेलं नाही आणि निकाल तर दोनाला एक लागलेला आहे, या दोन गोष्टी त्यांच्या डोक्यात क्षणात एकमेकींना भेटल्या. आयत्या बिळावर नागोबा व्हायला त्यांना कधी वेळ लागत नसे. ते माईकसमोर ताठ उभे राहिले.

"कॅरम म्हणजे एकाग्रता," साहेब म्हणाले. "काही लोकांना वाटतं, बसल्या जागी कसला खेळ? मला अशा विचारांची कीव येते. माणूस घरचा असो की बाहेरचा, गुणी खेळाडूवर अन्याय झाला तर मी गप्प बसणार नाही. यंदाच्या वर्षाच्या खेळाडू, आपल्या वहिनी."

टाळ्यांनी छत उडायचं बाकी राहिलं. साहेबांना काही जणांनी उभं राहून दाद दिली. त्याच लोकांनी तक्रारवाल्यांकडे असं बघितलं, की ते खांबाआड गेले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा असतो. स्टोअरकीपर खरं काय ते सांगू शकले असते. त्यांनी तक्रारवाल्यांची नजर टिपलीही, पण त्यांच्या तोंडात दोन बिस्किटं होती आणि तिसरं वाटेवर होतं.

वहिनींनी ढाल घेतली. "साहेबांचे आभार मानते," त्या माईकवर म्हणाल्या. "घरून एवढा विरोध असताना हे यश मिळालं, याचा जास्त आनंद आहे." पुन्हा टाळ्या झाल्या.

घरी जाताना तक्रारवाल्यांनी पाच-सहा वेळा सुरुवात केली. "अगं, ते अर्धंच ऐकू आलं." वहिनी म्हणाल्या, "हं." "पुढे मी काय बोललो ते ऐकलं असतंस तर." वहिनी म्हणाल्या, "हं." "स्टोअरकीपरना विचार, ते साक्षीला आहेत." यावर हं सुद्धा आलं नाही. पालथ्या घड्यावर पाणी. जेवणं झाली. वहिनींनी ढाल कपाटावर ठेवली, भिंतीला टेकवलेला कॅरमबोर्ड उचलून आणला आणि नवऱ्यासमोर टेबलावर ठेवला. समारंभाच्या गडबडीत आज त्याच्याकडे कोणी बघितलं नव्हतं. पावडरीचे पांढरे डाग तसेच होते.

"आज रविवार," वहिनी म्हणाल्या. "बाजार तर आता बंद झाला. तरी मी जरा खाली जाऊन येऊ का? की माझ्यासमोरच पुसताय?"

तक्रारवाले बोर्डाकडे बघत राहिले. मग बायकोकडे. 

"तू कुठून," ते शेवटी म्हणाले, "म्हणजे तुला हे कोणी..."

"घाबरू नका," वहिनी अत्यंत शांत आवाजात म्हणाल्या, "माणूस निघालाय."

लिफ्टच्या दाराबाहेरचा तो दबका आवाज कोणाचा होता, हे तक्रारवाल्यांना उमजायला थोडा वेळ लागला. उमजल्यावर त्यांना एकदम हलकं वाटलं, आणि लगेच रागही आला. "आणि मग स्टेजवर ते घरून विरोध वगैरे? सगळं ऑफिस आता माझ्या तोंडात शेण घालणार."

"गुडघ्याचं कोणी सांगितलं ऑफिसला? आता फिट्टंफाट." त्यांनी कापड त्यांच्या हातात दिलं. "आणि ऑफिसला तुम्ही माझ्या विरोधात वाटलात तर बरंच आहे की. मला मत दिलंत म्हणून रात्रपाळी, असं साहेब आता कोणाला सांगणार?"

हे तक्रारवाल्यांच्या लक्षात आलं नव्हतं. त्यांनी बोर्ड पुसला, चारही कोपरे पुसले, पावडर टाकली आणि हाताने सारखी केली. आज पहिल्यांदाच कोणीतरी बघत असताना ते हे करत होते, त्यामुळे हात जरा जास्त वेळ फिरला. मग सोंगट्या मांडल्या गेल्या.

त्या दिवशी तक्रारवाल्यांचा हात का कोण जाणे, विलक्षण लागला. एकामागून एक सोंगटी जात होती. शेवटची काळी कोपऱ्याच्या तोंडाशी येऊन उभी राहिली, नुसती फुंकली तरी आत पडेल अशी. त्यांनी स्ट्रायकर लावला, नेम धरला.

बोर्ड किंचित हलला. सोंगटी दोन बोटं मागे सरकली.

तक्रारवाल्यांनी टेबलाखाली बघितलं नाही. त्यांनी नेम बदलला, फटका मारला, तो चुकला, आणि स्ट्रायकर त्यांनी मुकाट्याने वहिनींकडे सरकवला.